२.१० ते २.३१

सर्पदंशाच्या रुग्णाचा केस पेपर वाचायला मला आवडतो. नर्सिंगच्या मुलामुलींसमोर नाव-गाव झाकून असे कागद ठेवायची मला जुनी सवय आहे, आणि डॉक्टरांच्या मजकुराआधी माझी नजर सिस्टरच्या हातच्या ओळींवर जाते. त्यात विशेषणं नसतात. वेळ, आकडा, एखादं क्रियापद, सही. तरीही दोन सिस्टरच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तर रात्रभर पेशंटजवळ कोण होती आणि टेबलाशी कोण, हे चार-पाच ओळींत कळून येतं.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत नेमणूक झालेल्या नव्या सिस्टरला किंवा ब्रदरला हा कागद पहिल्याच पावसाळ्यात भेटण्याची शक्यता बरीच. नारायणगाव, ओतूर, मंचरच्या बाजूला ऊस, टोमॅटो, कांदा; शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीची, म्हणून पिकाला पाणीही रात्रीच, पायात असली तर स्लीपर. डिंभे आणि माणिकडोहच्या पाण्यामागे, आहुपे-भीमाशंकरच्या अंगाला गेलं की भातखाचरं, हिरड्याची झाडं, लांबलांबच्या वाड्या आणि घरात जमिनीवर टाकलेली अंथरुणं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांची आणि माणसाची गाठ पडायला एवढं पुरतं. जुन्नरच्या उसाचं नाव काढलं की बाहेरचा माणूस बिबट्याचं विचारतो. त्याची बातमी होते. सापाची बहुतेक वेळा होत नाही. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत साप चावून सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८,०००, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला, त्यामुळे सर्पदंशाच्या उपचारांत या भागाचं नाव आदराने घेतलं जातं. डॉक्टरांबद्दल लिहिलं गेलं आहे, जात राहील. मला त्या रात्री पेशंटच्या उशाशी चालणाऱ्या एका छोट्या कामाबद्दल लिहायचं आहे.

नमुन्याला एक नोंद घेते. ती कुणा एकीची नाही, मीच रचलेली आहे, पण चांगल्या हातची नोंद अशीच असते:

२.१० – टेस्ट लावली. २.३० – रक्त गोठलेलं नाही. २.३१ – डॉक्टरांना सांगितलं.

संपलं. रसग्रहण करायचं ते या एवढ्याचं.

टेस्टचं पूर्ण नाव ‘ट्वेंटी मिनिट होल ब्लड क्लॉटिंग टेस्ट’; वॉर्डात तिला कुणी एवढ्या लांब नावाने हाक मारत नाही. पेशंटच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, काचेच्या नळीत सोडायचं, नळी उभी ठेवायची, वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच, सावकाश, आडवी करायची. रक्ताची घट्ट गुठळी झाली असेल तर ती जागची हलणार नाही. रक्त पाण्यासारखं वाहत आलं, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाच्या विषाने रक्त गोठवणारे घटक खर्चून टाकले आहेत. १९७०च्या दशकात नायजेरियात फुरशाच्याच कुळातल्या सापाचा दंश झालेल्या रुग्णांवर डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं, तिथून ही पद्धत जगभर गेली. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, तंत्रज्ञ लागत नाही. पहाटे दोन वाजता जिथे लॅब बंद असते तिथे हीच लॅब. मोठ्या रुग्णालयातल्या तपासण्या हिच्याहून बारीक दोष पकडतात, हे खरं. पण त्या मोठ्या रुग्णालयात असतात.

‘लावली’ या शब्दात किती गोष्टी दडल्या आहेत त्या मोजायला बसलं तर अर्धा दिवस जाईल. पहिली गोष्ट नळी. ती काचेचीच हवी, कारण काचेच्या पृष्ठभागाला लागल्यावर रक्त गोठण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकला लागून ती तशी सुरू होत नाही. नळी कोरी आणि कोरडी हवी. आणि ती कधीही साबणाने धुतलेली नको. इथेच नवी मुलगी फसते, आणि तिच्या सद्गुणामुळे फसते. तीन-चार वर्षं तिच्या कानीकपाळी ओरडून स्वच्छता शिकवलेली असते. वापरलेली नळी दिसली की ती घासूनपुसून, लखलखीत करून रॅकमध्ये लावून ठेवते. साबणाचा अदृश्य थर काचेवर राहतो आणि ठणठणीत माणसाचं रक्तही तिच्यात गोठायला तयार होत नाही. मग ज्याला विष चढलेलंच नाही त्यालाही सर्पविषावरचं औषध सुरू होतं, आणि ते औषध निरुपद्रवी नाही. म्हणून चांगली सिस्टर ड्यूटीवर आल्यावर इमर्जन्सी ट्रे तपासताना इंजेक्शनं मोजते तशा कोऱ्या काचेच्या नळ्याही मोजते. निकालाबद्दल शंका आली तर दुसऱ्या नळीत एखाद्या धडधाकट माणसाचं रक्त घेऊन शेजारी ठेवते. रात्रपाळीच्या ब्रदरने त्यासाठी स्वतःचा हात पुढे केला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरी गोष्ट शीर. ज्याचं रक्त गोठत नसेल त्याच्या हाताला दहादा सुई टोचायची नसते. प्रत्येक टोचणी पाझरत राहते. स्नायूतली इंजेक्शनं शक्यतो टाळायची. एका सुईत काम झालं पाहिजे, आणि नंतर जागा नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरायची. नव्या नर्सला वाटतं की सगळी कला शीर सापडण्यात आहे. कला आहेच, आणि शंभर हात धरल्याशिवाय ती येत नाही. पण शीर सापडणाऱ्या पुष्कळ असतात. सुई काढल्यावर पाच मिनिटं मुकाट्याने कापूस दाबून बसणारी मिळाली की मी तिचं नाव लक्षात ठेवते.

आता २.१० आणि २.३० यांच्यामधली ती मोकळी जागा.

कागदावर तिथे काहीच नाही. नळी स्टँडमध्ये उभी आहे. दारात आठ-दहा माणसं. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये मेलेल्या सापाचा फोटो. म्हातारी आई सिस्टरचा पदर धरायला जाते, पदर नसतो म्हणून मनगट धरते: “पोरी, वाचंल ना गं?” अशा वेळी नळी उचलून बघण्याचा मोह अनावर होतो. पाचव्या मिनिटाला थोडी तिरकी करून बघावी, दहाव्याला पुन्हा. हलवलेली नळी खोटं बोलते. होऊ घातलेली गुठळी मोडते. नारायणगाव हे विठाबाईंचं गाव, तमाशाची पंढरी. इथल्या जाणत्या प्रेक्षकाला ढोलकीवाल्याचा हात कुठे थांबतो तेही ऐकू येतं. सिस्टरच्या कामातला तसा थांबलेला हात मला या वीस मिनिटांत दिसतो.

हात नळीवर नसले तरी ती रिकामी नसते. ती विचारत असते. किती वाजता चावला? वाडीवरचा माणूस घड्याळ सांगत नाही. ‘पाखरं बोलायच्या आधी’, ‘पहिली गाडी जायच्या वक्ताला’ असं काहीतरी सांगतो, आणि सिस्टरला त्याचे तास-मिनिटं करावे लागतात. कुठे होता, शेतात की अंथरुणात? नंतर काय केलं? इथे आवाज खाली ठेवायचा. दोरी आवळली, ब्लेडने चिरलं, देवऋष्याकडे नेलं, काहीतरी पाला खायला दिला, हे सगळं खरं खरं कळायला हवं, आणि पहिल्याच प्रश्नाला “एवढं शिकूनसवरून मांत्रिकाकडे कशाला नेलंत?” असं सुनावलं, तर पुढची उत्तरं खोटी येतात. देवऋष्याकडे गेलेले दोन तास लपवले जातात, आणि तेच दोन तास उपचारात महत्त्वाचे असतात. आवळलेली दोरी दिसली की नवख्याचा हात लगेच सोडायला जातो. ती डॉक्टर जवळ असताना, सगळी तयारी ठेवून सोडायची, कारण खाली अडलेलं विष एकदम वर येऊ शकतं. समाजप्रबोधन करायचं तर सकाळ होऊ द्यावी.

आता दुसरं वाक्य: ‘रक्त गोठलेलं नाही.’ हे मला फार आवडतं. यात ‘विष चढलं’ असं नाही, ‘घोणस असावी’ असं नाही, ‘पेशंट सीरियस’ असंही नाही. डोळ्याला दिसलं तेवढंच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० च्या सुमारास परिचर्येवर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात रुग्णाच्या निरीक्षणावर एक सबंध प्रकरण आहे, आणि तिचा सगळ्यात जास्त राग ‘बरं आहे’, ‘झोप चांगली लागली’ अशा गोलमाल उत्तरांवर आहे. किती तास झोप, किती घास खाल्ले, असं विचारा, असा तिचा हट्ट. बाईंचा सूर अनेकदा शाळामास्तरणीसारखा लागतो आणि हवेशीर खोल्यांविषयी त्या ऐकवतात ते सगळं आहुप्याच्या पावसात लागू पडेलच असं नाही. पण ते एक प्रकरण दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात मोठ्याने वाचावं असं आहे. आपल्याकडे १२ मेला दिवे लावून शपथ घेतात, फोटो काढतात, आणि पुस्तक कपाटातच राहतं.

‘२.३१ – डॉक्टरांना सांगितलं.’ मधलं एक मिनिट बघा. नव्या नर्सचं खरं धैर्य इथे लागतं. क्वार्टरमध्ये झोपलेल्या डॉक्टरांना उठवायचं, आपलं चुकलं असेल तर ते ओरडतील, मागच्या वेळी ओरडलेही होते. मग ‘आणखी पाच मिनिटं बघू’ असं मन म्हणतं. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलींना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला धाडलं, तेव्हा परक्याच्या अंगाला हात लावणारी बाई म्हणून समाज नाक मुरडत होता. त्या वॉर्डात गेल्या, टिकल्या. आज वॉर्डात जायला कुणाची आडकाठी नाही. जीभ मात्र अजून अडखळते. माझं मत विचाराल तर डॉक्टरांना उगाच उठवल्याची बोलणी खाल्लेली नर्स ही वाया गेलेली नर्स नव्हे. फोनवर सांगायचं तेही नोंदीसारखंच: वय, चावल्याची वेळ, बीपी, नाडी, श्वास, नळीचा निकाल. ‘सर, जरा येता का, पेशंट बरा वाटत नाहीये’ यावर कुणीही कूस बदलून झोपेल.

इथवर त्या तीन वाक्यांची वाखाणणी केली. पण जाणत्या वाचकाला कोणता मजकूर कुठे अपुरा पडतो हेही कळावं लागतं.

समजा २.३० ला रक्त छान गोठलं. नळी आडवी केली, गुठळी जागच्या जागी. दारातली माणसं सुटकेचा श्वास टाकतात. पेशंट जमिनीवर झोपलेला होता, चावल्याची खूण धड दिसत नाही, सूज नाही, फक्त पोटात कळ येते आणि घसा दुखतो म्हणतो. कुणीतरी पित्ताची गोळी सुचवतं. हा मण्यारचा पेशंट असू शकतो. मण्यारचं विष रक्ताला हात लावत नाही, नसा आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं. हिच्या दंशात नळी शेवटपर्यंत ‘सगळं ठीक’ सांगत राहील आणि माणूस श्वास थांबून जाईल. इथे वाचायच्या त्या पापण्या. वर बघायला सांगायचं. पापणी अर्ध्यावर अडखळते का? मान उचलता येते का? एका श्वासात आकडे मोजायला लावायचे: मघाशी तीसपर्यंत गेला, आता अठरावर दमला, तर तोच निकाल, आणि तोही वेळेसकट कागदावर. पावसाळ्यात पहाटे पोटदुखीने आलेल्या माणसाला ‘रात्री खाली झोपला होतास का?’ एवढं विचारायला जिला सुचतं, तिला मी पैकीच्या पैकी देते.

आणि एक गोष्ट, जी पुस्तकात असते पण वॉर्डात सुटते. मण्यारच्या विषाने लुळ्या पडलेल्या माणसाला डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, पण तो शुद्धीवर असू शकतो. त्याला ऐकू येतं. व्हेंटिलेटरवर, पापण्या मिटलेल्या अवस्थेत तो नातेवाइकांची कुजबुज ऐकतो, ‘हा काही राहत नाही’ हेही ऐकतो. म्हणून त्याच्याशी बोलत काम करायचं. “दादा, आता कूस बदलतेय. तोंडातली लाळ काढतेय, जरा त्रास होईल. सकाळ झालीय, तुमचा भाऊ बाहेर बसलाय.” याची नोंद कुठेच होत नाही, पाळी बदलताना एकीने दुसरीला द्यायच्या ‘ओव्हर’मध्येही सांगितली जात नाही.

सर्पविषावरचं औषध सुरू झालं की केस पेपरचा वेग बदलतो. ओळी दाट होतात. पावडरच्या व्हायलमध्ये पाणी सोडून ती हलक्या हाताने गोल फिरवायची, खळखळ हलवायची नाही, फेस होतो. पहिला डोस साधारणपणे दहा व्हायलचा. सहा वर्षांच्या पोरालाही तेवढाच. यावर नव्या नर्सचा विश्वास बसत नाही, कारण वजनावरून डोस काढणं तिच्या अंगात मुरलेलं असतं. पण सापाने विष सोडताना पोराचं वजन पाहिलेलं नसतं. पहिली काही मिनिटं थेंब सावकाश आणि नजर कातडीवर. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, थंडी वाजून आली, आवाज बसला, की सलाईनची चाकी बंद करून हाक मारायची. ॲड्रेनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून, नाव चिकटवून ट्रेमध्ये ठेवलेलं हवं. तेव्हा शोधाशोध करायला लावणाऱ्या ट्रेला माझ्या लेखी ट्रे म्हणत नाहीत.

एक नोंद मात्र कागदावर नसतेच, पेशंटच्या पायावर असते. सूज जिथवर आली तिथे पेनने रेघ ओढायची आणि रेघेशेजारी वेळ लिहायची. तासाभराने पुन्हा. सकाळच्या पाळीची सिस्टर पांघरूण बाजूला करते तेव्हा पोटरीवर ३, ४, ५.१५ अशा रेघा चढत गेलेल्या असतात, आणि शेवटच्या दोन रेघा जवळजवळ एकमेकींवर. सूज थांबली, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. घाटमाथ्याच्या रानात हिरवा चापडा असतो. त्याच्या विषावर आपलं नेहमीचं औषध चालत नाही, कारण ते त्या चार सापांच्या विषापासूनच बनवलेलं असतं. तिथे तर या रेघाच जास्त बोलतात.

घोणशीच्या पेशंटला आणखी एक लेखन लागतं, लघवीचं. किती, कोणत्या रंगाची. हे काम मावशींवर ढकललं जातं, आणि बाटली रिकामी झाल्यावर ‘झाली होती थोडी’ असं उत्तर मिळतं. घोणशीचं विष मूत्रपिंडं बंद पाडू शकतं. मिलिलिटर लिहिले नसतील तर ते कळायला दिवस उलटतो.

औषध दिल्यानंतर रक्ताची टेस्ट पुन्हा करायची ती सहा तासांनी, कारण खर्च झालेले घटक नव्याने बनवायला यकृताला तेवढा वेळ लागतो. रात्री तीनला औषध संपलं तर नऊला टेस्ट. म्हणजे जिने पहिली नळी लावली ती तोवर घरी गेलेली असते, आणि निकाल दुसरीच्या हातात. सकाळचा ओव्हर म्हणजे घाई: एकीला बस पकडायची, दुसरीचा डबा अजून हातात. ‘सर्पदंश, बेड चार, स्टेबल’ असा ओव्हर मी कितीतरी वेळा ऐकला आहे. बेडपाशी उभं राहून द्यायचा ओव्हर असा: पापण्या दोघींनी मिळून बघायच्या, पायावरची शेवटची रेघ दोघींनी बघायची, नऊच्या टेस्टसाठी कोरी नळी ट्रेमध्ये ठेवलेली दाखवायची आणि मगच निघायचं. बस एखादवेळी चुकते. दुसरी मिळते.

डिस्चार्जच्या दिवशी कागदावर जागा थोडी आणि गर्दी जास्त असते, पण तिथेही सिस्टरच्या दोन ओळी हव्यात, मराठीत, मोठ्या अक्षरात, घरात वाचता येणाऱ्या कुणाला तरी कळतील अशा. येत्या एक-दोन आठवड्यांत ताप आला, सांधे दुखले, अंगाला खाज सुटली, तर परत यायचं. औषधाची ती उशिरा येणारी प्रतिक्रिया असते, आणि घरी तिला ‘साप उलटला’ म्हणून पुन्हा देवऋष्याकडे नेतात. लघवी कमी झाली तर लगेच यायचं. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायचं. रात्री पाण्याला जाताना बॅटरी आणि बूट. आणि पुन्हा कुणाला चावलं तर दोरी बांधत बसू नका, चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करा, हे पेशंटच्या बायकोला सांगायचं. पेशंट स्वतः त्या दिवशी नुसती मान डोलावतो, त्याचं लक्ष रिक्षा आली का याकडे असतं.